मधली थंडी

"झाडावरून आला की लगेच थंडीत ढकलू नकोस गं त्याला. दिवसभराचं ऊन अंगात घेऊन आलेला असतो. दीड दिवस बसू दे, श्वास घेऊ दे, मग पाठव थंडीला. आणि चिमटीत धरू नकोस, तळहातावर घे."

आत्याबाईंचा हा आवाज थोरलीच्या कानात दर हंगामात वाजायचा, आणि थंड खोलीचं जाड दार ओढून घेताना तर हमखास. तळहाताचं तिने पहिल्या वर्षीच मनावर घेतलं होतं. दीड दिवसाचं मात्र या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं.

आत्याबाई म्हणजे तिच्या सासऱ्यांची धाकटी बहीण. बाग त्यांच्या हातची. पीच, आलुबुखार आणि कडेला चार जर्दाळू. सगळी कोयीची फळं, सगळी नाजूक मनाची. त्यांच्या काळी फळं ठेवायला घराखालचं दगडी तळघर होतं. आता अंगणापलीकडे लांबलचक शेड होती, शेडमध्ये निवडायचं टेबल होतं, आणि टोकाला थंड खोली. त्या खोलीची मालकीण, राखणदार आणि पुजारीण, सगळं थोरलीच. फळं टिकवायचं तीन दिवसांचं शिक्षण तिने रीतसर घेतलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी खोलीच्या तापमानाबद्दल सांगितलेलं तिने खोलीच्या दाराशेजारी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं आणि दर हंगामाला ती अक्षरं स्वतः गिरवायची: शून्य, चांगलं. दोन ते आठ, वाईट.

निवडायला येणाऱ्या नव्या बायकांना ती हे समजावून सांगायची. "शून्यावर पीच गाढ झोपतो. आठाच्या वर जागा असतो, पिकतो, तेव्हा तो खाऊन टाकायचा. मधल्या थंडीत त्याला ना झोप ना जाग, नुसती तळमळ. वरून दिसेल गुलाबी, आणि आत होईल कापूस." बायका माना डोलवायच्या. एकदा एकीने म्हटलं होतं, "म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखंच," आणि अख्खं टेबल हसलं होतं.

थोरलीचा एक नेम होता. सकाळी चहा घ्यायच्या आधी नवऱ्याचा जुना स्वेटर चढवायचा, शेडमध्ये जायचं, दारावरच्या चौकटीतला आकडा वाचायचा, पाटीवर लिहायचा, आणि दारावर हात ठेवून क्षणभर डोळे मिटायचे. त्या क्षणात ती काय मागायची ते तिने कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. अकरा वर्षांत तापातसुद्धा हा नेम चुकला नव्हता.

यंदा ऐन हंगामात आत्याबाई पडल्या. वय चौऱ्याहत्तर, तरी नववं झाड स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं म्हणून तीन पायऱ्यांच्या घडवंचीवर चढल्या. पंपाच्या खोलीमागचं ते पिचाचं झाड सगळ्यांत जुनं, सगळ्यांत उशिरा पिकणारं, आणि आत्याबाईंचं लाडकं. घडवंची कलली आणि त्या हनुवटीवर आपटल्या. जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी वरचे दात खालच्या दातांना तारांनी बांधून टाकले. पाच आठवडे बोलायचं नाही, चावायचं नाही, नळीने जेवढं ओढता येईल तेवढंच पोटात.

ज्या बाईच्या एका हाकेने बागेतली पाखरं उडायची, ती गप्प झाली.

दवाखाना बसने चार तासांवर. जवळच त्यांची भाची राहायची, तिच्याकडे त्यांना ठेवलं. थोरली भेटायला गेली तेव्हा आत्याबाई उशांना टेकून बसल्या होत्या, मांडीवर पाटी. ख्यालीखुशालीच्या भानगडीत न पडता त्यांनी लिहिलं, "नवव्याचे तोडले का?"

"परवा तोडू."

आत्याबाईंनी ते पुसलं आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. "तारा निघतील त्या दिवशी पहिला घास त्याचाच. रसाळ पाहिजे. चावायला लागता कामा नये."

थोरलीने बोटांवर दिवस मोजले. झाडावर तोवर एकही फळ राहणार नव्हतं. तोडून तेहेतीस दिवस ठेवायचा, म्हणजे त्या नाजूक जातीची कसोटीच.

"आणीन," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून तिने मनाशी ठरवून टाकलं. आत्याबाईंच्या तोंडात पीच जाईपर्यंत आपल्या तोंडात पीच जाणार नाही. याची कुणाकडे वाच्यता करायची नव्हती, पण पिचांच्या बागेत राहून पीच न खाणारं माणूस लपतं किती वेळ? धाकट्या जावेने त्याच संध्याकाळी ओळखलं.

"ताई, कुणासाठी सोडलंत?"

"काही नाही गं."

"आत्याबाईंसाठी ना? मग मीही सोडते."

"तू सोडू नकोस," थोरली म्हणाली. "चव बघायला कुणीतरी हवं. माझी जीभ आता तू."

धाकटी लग्न होऊन येऊन चारच वर्षं झाली होती. हातापायाने चपळ, जिभेने त्याहून चपळ. तिला हे पद फारच आवडलं.

नवव्या झाडाने यंदा छत्तीस फळं दिली. पहाटेच्या गारव्यात दोघींनी तोडून आणली, एकेक तळहातावर घेऊन. चोवीस अगदी निर्मळ होती. बारांच्या अंगाला फांदी घासून तपकिरी चरे पडले होते. थोरलीने चोवीस कागद अंथरलेल्या ट्रेमध्ये मांडली, एकालाही शेजाऱ्याचा धक्का लागणार नाही अशी.

"ताई, आत्याबाई म्हणतात, दीड दिवस बसू द्यावा..."

"तळघर होतं तेव्हाची गोष्ट ती. आता तोडल्यापासून चार तासांत फळाच्या अंगातली ऊब निघायला हवी. बाहेरचा एक दिवस म्हणजे आत आठवड्याचं आयुष्य कमी."

"झाड तर तेव्हाचंच आहे," धाकटी म्हणाली.

थोरलीने ट्रेमधला कागद सरळ केला. "ट्रे उचल. आणि ते चरे पडलेले बारा तुम्ही घरात खाऊन टाका."

ट्रे तिने दाराच्या अगदी जवळच्या खालच्या फळीवर ठेवला. आत खोलवर आलुबुखारांचे क्रेट एकावर एक रचलेले होते. तिथे ठेवला तर रोज सकाळी तो दिसणार कसा? इथे दार उघडलं की थेट नजरेला पडायचा. दुसऱ्या दिवशी तिने धाकटीला विचारलं, "कसे होते गं ते बारा?" धाकटीने नुसती मान हलवली आणि तिला एकदम निवडायच्या टेबलावरचं काम आठवलं.

त्या दिवसापासून थोरलीच्या नेमात एक भर पडली. आकडा लिहायचा, दारावर हात ठेवायचा, मग दार उघडून चोवीस फळांवरून नजर फिरवायची, एखाद्यावर हलकेच तळहात ठेवायचा. मग बाहेर येऊन आत्याबाईंना फोनवरून निरोप धाडायचा, "शून्य. छान झोपलेत."

उत्तर लगेच यायचं. "घोरतात का?"

"घोरायला भाऊजी आहेत," थोरली लिहायची. थोरलीचा दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, खोलीची यंत्रं सांभाळायचा आणि दुपारी शेडमध्ये आडवा झाला की यंत्रापेक्षा मोठा आवाज काढायचा. घरात त्याला सगळे कंप्रेसर म्हणत.

आत्याबाईंचे निरोप वाढत गेले. "आज सूप." "आजही सूप." "भाची म्हणते उद्या वेगळं देईन. वेगळ्या रंगाचं सूप." "माझा पीच कसा आहे?" बोलणं बंद झाल्यावर सगळी ताकद त्यांच्या बोटांत आली होती. थोरली निरोप वाचून एकटीच हसायची आणि मग तिला त्या आवाजाची इतकी आठवण यायची की ती उगीचच क्रेट हलवून ठेवायची.

हंगाम जोरात होता. आलुबुखारांचे क्रेट आत जायचे, बाहेर यायचे, दार दिवसातून चाळीस वेळा उघडायचं.

अठ्ठाविसाव्या दिवशी थोरलीने चोवीसमधले तीन पीच बाहेर काढले आणि शेडमधल्या छोट्या खोलीत खिडकीशी ठेवले. झोपलेलं फळ जागं व्हायला दोन दिवस लागतात, तेव्हाच ते आतून कसं आहे ते कळतं. तिसाव्या दिवशी सकाळी तिने हात धुतले, सुरी धुतली, आणि धाकटीला हाक मारली.

पहिलं फळ दिसायला इतकं देखणं होतं की कापायचा धीर होईना. गालावर लाली, कुठे डाग नाही. थोरलीने कोयीभोवती सुरी फिरवली, दोन्ही अर्धुकं उलटसुलट पिळली. ती अलगद सुटली. फारच अलगद. आतला गर फिकट आणि कोरडा होता. तिने एक अर्धुक मुठीत दाबलं. एक थेंब पडला नाही.

"बघ गं," ती म्हणाली.

धाकटीने घास घेतला, चावला, आणि चावतच राहिली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून थोरलीला विचारावं लागलं नाही.

"कापूस," धाकटी अखेर म्हणाली. "ओला कापूस, ताई."

"शून्य होतं," थोरली म्हणाली. तिने पाटी पुढे ओढली. "तीस दिवस शून्य. एकदाही आकडा हलला नाही."

तिने आणखी एक फळ कापलं. आणि आणखी एक. तिन्हींची तीच गत. मग ती स्टुलावर बसली आणि हात मांडीवर ठेवून उघड्या दारातून समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत राहिली. तीन दिवसांनी तारा निघणार होत्या. पाच आठवडे सूप पिऊन एक म्हातारी बाई तोंड उघडणार, आणि आपण तिच्या जिभेवर कापूस ठेवणार.

धाकटी नवऱ्याला बोलावून घेऊन आली. भाऊजींनी सगळं ऐकलं, डोकं खाजवलं आणि खिशातून बोटाएवढा तापमापी काढला. "वहिनी, दारावरचा आकडा कुठला सांगतो माहितीये ना? मागच्या भिंतीचा. यंत्राजवळचा." त्यांनी तो तापमापी दाराजवळच्या खालच्या फळीवर, ट्रेच्या शेजारी ठेवला. "दोन तास राहू दे. बायकांना नेहमीसारखं काम करू दे."

दोन तास बायका क्रेट घेऊन आत-बाहेर करत राहिल्या. प्रत्येक वेळी दार उघडलं की बाहेरची उबदार हवा आधी त्या फळीवर यायची, हे आता थोरलीला पायावर जाणवत होतं. इतके दिवस कसं नाही जाणवलं?

भाऊजींनी तापमापी आणून तिच्यापुढे धरला.

पाच.

 थोरलीने तो घेतला, उजेडात धरला, परत वाचला. मग तिची नजर भिंतीवर गेली. दोन ते आठ, वाईट. अक्षर तिचं स्वतःचं, दर वर्षी गिरवलेलं. "रोज डोळ्यांपुढे असावा म्हणून तिथे ठेवला मी," ती हळूच म्हणाली. "वर रोज सकाळी स्वतःच दार उघडून उभी राहायचे. हात ठेवायचे. गरम हात."

"वहिनी, असं नका..." भाऊजी म्हणाले आणि यंत्र तपासायला निघून गेले.

धाकटी मात्र जागची हलली नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

"ताई, रागावणार नसाल तर एक सांगते."

"आता कशाला रागावू?"

"ते चरे पडलेले बारा. आम्ही खाल्ले नाहीत."

थोरलीने मान वर केली.

"इथेच, या खिडकीच्या खोलीत वरच्या फळीवर दीड दिवस बसवले होते. कागद टाकून. आत्याबाई म्हणतात तसे. मग तुम्ही बाजारात गेलात तेव्हा आत नेऊन ठेवले. मागच्या भिंतीशी, आलुबुखारांच्या मागे. तुम्हाला दिसू नयेत म्हणून अगदी कोपऱ्यात." ती एका दमात बोलत होती. "मला वाटलं, तुमचे चोवीस आहेतच. हे आपले आत्याबाईंच्या म्हणण्याखातर. चुकलंच असेल तर गुपचूप खाऊन टाकले असते."

"तीस दिवस तू माझ्या खोलीत चोरून फळं ठेवलीस?"

"हो."

"मागच्या भिंतीशी?"

"हो, ताई."

थोरली उठली, स्वेटर चढवला आणि खोलीत गेली. बायकांनी सात क्रेट हलवले. मागे, यंत्राच्या गार श्वासाखाली, जुन्या कपड्यांच्या खोक्यात बारा पीच शांत पडले होते. अंगावर चरे, गालावर लाली. थोरलीने एक तळहातावर घेतला. दगडासारखा थंड होता. तिला एकदम हसू आलं, आणि ते आवरेना. आत शून्यावर उभी राहून ती हसत होती, तोंडातून वाफ निघत होती, आणि दारात धाकटी अजून रडावं की हसावं या विचारात होती.

"मला न दिसण्यासाठी ठेवलेस म्हणून वाचले गं हे," थोरली म्हणाली.

"वाचले की नाही ते परवा कळेल," धाकटी म्हणाली. आता तिला धीर आला होता. "जीभ मी आहे."

बारा फळं खिडकीशी मांडली गेली. पहिल्या दिवशी काहीच घडलं नाही. थोरली येता-जाता वास घ्यायची आणि निघून जायची. दुसऱ्या दिवशी दुपारी निवडायच्या टेबलावरच्या बायकांनी एकेक करून नाक वर केलं. कुणीतरी म्हणालं, "कुठून येतोय हा?" तासाभरात अख्ख्या शेडभर तो वास पसरला. झोपलेले भाऊजी उठून बसले आणि विचारू लागले, "जेवण झालं का सगळ्यांचं?"

"हो, तुमच्याशिवाय झालं," धाकटी म्हणाली. "निजा परत."

संध्याकाळी काम संपल्यावर थोरलीने सुरी घेतली. बायका घरी जायच्या थांबल्या होत्या. कुणी चपला शोधतंय, कुणी डबा पुसतंय, पण सगळ्यांची नजर तिच्या हातावर. सुरी कोयीपर्यंत गेली आणि थोरलीने पिळायच्या आधीच रस तिच्या मनगटावर आला. मनगटावरून कोपरापर्यंत गेला, कोपरावरून स्वेटरवर टपकला.

धाकटीने अर्धुक घेतलं आणि तोंडात टाकलं. डोळे मिटले. रस तिच्या हनुवटीवरून ओघळला तरी ती पुसेना. सगळे थांबले होते.

"बोल की," थोरली म्हणाली.

"थांबा हो, ताई," धाकटी तोंड भरलेलं असतानाच म्हणाली. "कामात आहे मी."

टेबलावर हशा उसळला. दुसरं अर्धुक चिमूट-चिमूट करून सगळ्यांना वाटलं गेलं. एका बाईने थोरलीच्या ओल्या हाताकडे पाहिलं. "अहो, बोट तरी चाटा. बोट चाटल्याने मोडतो का नेम?"

"मोडतो," थोरली म्हणाली आणि नळाखाली हात धरून धुऊन टाकला. धुताना तिने श्वास मात्र पोटभर घेतला.

फोन वाजला. आत्याबाईंचा निरोप. "उद्या दहा वाजता तारा काढणार. माझा पीच झोपलाय का अजून?"

थोरलीने ओले हात पदराला पुसले आणि लिहिलं, "जागा झालाय."

लिहून झाल्यावर तिने आणखी एक ओळ जोडली. "तुम्ही सांगितलं होतं तसाच ठेवला. मी नाही, धाकटीने."

थोरलीने सुरी धुऊन पुसून ठेवली. तोवर उत्तर आलं. "मला माहीत होतं, घरात एक तरी माझं ऐकणारं आहे."

धाकटीने ते तिच्या खांद्यावरून वाचलं आणि हंगामभर पुरेल एवढी फुशारून गेली. भाऊजींना तर ते तीन वेळा वाचून दाखवण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी दिवस उजाडायच्या बेतात असताना थोरली तयार झाली. एका रुंद डब्यात तिने अकरांतले सात पीच ठेवले, प्रत्येकाला मऊ कापडाचं घरटं करून. पाच आठवडे नळीने जगलेली बाई एकावर थांबणार नाही हे तिला ठाऊक होतं. चार मागे राहिले, धाकटीसाठी, आणि ते कुठे ठेवायचे हे सांगायची आता गरज नव्हती.

शेडमध्ये जाऊन तिने आकडा वाचला, पाटीवर लिहिला, दारावर हात ठेवून डोळे मिटले. दार मात्र उघडलं नाही. दाराजवळची खालची फळी रिकामी होती. तिच्यावर रात्रीतून कुणीतरी खडूने लिहिलं होतं, "इथे कुणी झोपायचं नाही." अक्षर धाकटीचं.

धाकटी दारात उभी होती, हातात चहाचा पेला. "बसमध्ये डबा मांडीवर ठेवा, ताई. खाली नको. खाली इंजिनाची ऊब लागते."

"हो गं, आत्याबाई."

"आणि पोचलात की त्यांचं पहिलं वाक्य काय ते मला कळवा. फोन कानाला लावूनच ठेवा ना. मला आवाज ऐकायचाय."

"पहिलं वाक्य मला झापण्याचंच असणार."

"तेच ऐकायचंय," धाकटी म्हणाली.

थोरलीने चहा घेतला, पेला परत दिला. डब्याला धरायला कडी होती, पण तिने ती वापरली नाही. दोन्ही तळहात डब्याखाली सरकवले, तो छातीशी घेतला, आणि पहाटेच्या गारव्यात, नवव्या झाडाजवळून, ती रस्त्याच्या दिशेने हळूहळू चालू लागली.